हिरव्या खुणेचं घर

तळोज्याच्या लॅबमधली नोकरी सुटल्यावर मी सर्व्हेचं काम धरलं. आपलं शहर वीज, पाणी किती जपून वापरतं, ते मोजायचं होतं. घरोघरी जायचं, वर्षभराची बिलं बघायची, आकडे टॅबमध्ये भरायचे. वापर कमी असेल तर टॅबवर त्या घराच्या नावापुढे हिरवी खूण उमटायची.

सारसोळे गावात एका कोळणीचं बिल पाहून मी चकितच झाले. आधीच्या वर्षाच्या निम्मंही नव्हतं.

"मावशी, तुमचं घर एकदम चांगलं आलंय," मी म्हटलं.

"चांगला म्हंजे?"

"वीज फार कमी वापरता."

ती उठली, मला मागच्या खोलीत घेऊन गेली आणि मासळीच्या मोठ्या फ्रीझरचं झाकण उघडलं. आत घडी केलेली लुगडी आणि गोधड्या होत्या.

"खाडीत काय गावत नाय. बर्फान काय ठेवू? पेटी बंद हाय, होडी इकली. आता लिव, चांगला हाय म्हनून."

मी कानकोंडी झाले. टॅबवर कारण लिहायला जागा शोधली, सापडली नाही. बाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

"मॅडम, कारणं नको. युनिट टाका नि पुढच्या घरी जा."

मी युनिट टाकले. त्या महिन्याचा माझा पगार त्यावरच होता, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं.

पुढे वाशीला एका हॉलमध्ये अहवाल मांडला गेला. पडद्यावरच्या नकाशात सारसोळे हिरवंगार होतं. 'या वस्तीकडून बाकीच्यांनी शिकावं,' असं अहवाल मांडणारा म्हणाला. मी हात वर केला आणि फ्रीझरचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"इंटरेस्टिंग. पण एका घरावरून काही ठरत नाही."

एकच घर नव्हतं. त्या गल्लीत मी अशी किती घरं भरली होती, मला माहीत होतं. पण पुढची स्लाइड आली, माइक दुसरीकडे गेला, आणि मी खाली बसले. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा मीही वाजवल्या.

मावशींना हे सांगायला जायचं ठरवलं होतं. दोनदा गावाच्या कमानीपर्यंत गेले आणि परतले. सांगणार तरी काय होते?

काम अजून तेच करते. आता कुणी आतल्या खोलीत बोलावलं, तर घाई आहे म्हणते.