चार वाजायच्या आत

२७ नोव्हेंबर २०२५ रोजी निशिकांतने घरमालक प्रबोधच्या हातात इसाराचा एक हजार डॉलरचा चेक ठेवला. तोआ पायोह वस्तीतल्या ज्या फ्लॅटचं तो अकरा वर्षं भाडं भरत होता, तोच आता मालक त्याला विकणार होता. नियम सरळ होता. एकविसाव्या दिवशी दुपारी चारच्या आत निशिकांतने सही केलेला खरेदीचा कागद आणि आणखी चार हजार मालकाच्या हाती पडले पाहिजेत. नाही पडले, तर सौदा मोडला आणि हजार बुडाले.

निशिकांत रॅफल्स प्लेसच्या एका ऑफिसात हिशेब तपासणारा माणूस. मुदतीच्या काठावर जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण त्याची बायको सविता म्हणाली, "अठरा डिसेंबरला, एकविसाव्या दिवशीच, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे. घर लक्ष्मीच्या वारी घ्यायचं. मग पौष लागतो." त्याने मानलं, आणि हे भोळेपणाने प्रबोधलाही सांगून टाकलं.

त्यानंतर प्रबोधने धाडलेलं एक जोडपं खोल्या बघून गेलं. चाळीस हजार जास्त देतोय, असं जाताना बोलून गेलं. सोळा तारखेला प्रबोधचा मेसेज आला: "सुट्टीसाठी उद्या जपानला निघतोय. नव्या वर्षात भेटू." मग फोन बंद. सतरा तारखेला निशिकांतने त्याच्या कॉन्डो-संकुलाच्या गेटवरून बेल वाजवली, कुणी आत घेतलं नाही.

"जपान कसलं डोंबलाचं," सविता म्हणाली. "त्याची बायको साधना उद्यापनाचा कलश सोडून कुठे जाणार? मला हळदीकुंकवाला बोलावलंय, ते बोलावणं रद्द करायला विसरली."

गुरुवारी साडेतीनला गेटवरच्या यादीत सविताचं नाव होतं, म्हणून दोघांना आत सोडलं. दाराशी रांगोळी होती आणि रांगोळीशेजारी प्रबोधचे बूट.

"इतक्या लवकर?" साधना गडबडली. "बायका सहाला येणारेत."

"भावोजी आले का जपानहून?"

साधनाने मांडलेल्या कलशाकडे पाहिलं. त्याच्यासमोर खोटं बोलणं तिला जमेना. "आत आहेत," ती म्हणाली.

प्रबोध बनियनवर बाहेर आला. "काय रे निशिकांत, हळदीकुंकवाला तूही? कुंकू लावू?"

"आधी कागद आणि चार हजारांचा चेक घे. तुझ्या जपानात चार वाजून गेले असतील, इथे तीन एकेचाळीस झालेत."

"आणि नाही घेतला तर?"

"तर मी इथेच बसते," सविता म्हणाली. "सहाला बावीस बायका येतील. कुंकू लावायला जी पुढे येईल, तिला तुमचा मेसेज वाचून दाखवते."

साधना पाठमोरीच बोलली, "घ्या तो कागद. देवीपुढे शोभा नको."

तीन बावन्नला प्रबोधने पोच लिहून दिली. पेन टेबलावर आपटत म्हणाला, "जूनमध्ये गीझर जळाला, त्याचे पैसे आता विसर. घर तुझंच झालं."

"जळाला तेव्हा गीझर तुझा होता. भाड्यातून वळते करतो म्हणाला होतास."

"भाडेकरू तो भाडेकरूच."

साधनाने सविताला कुंकू लावलं आणि हातावर केळं ठेवलं. सविताने कुंकू ठेवून घेतलं, केळं टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडली. त्यानंतर दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद झालं.

मार्चमध्ये फ्लॅट निशिकांतच्या नावावर झाला. गीझरचे एकशे पंच्याऐंशी डॉलर प्रबोधकडून अजून यायचे आहेत.