चोपदारमामांचे शेंदरी सिंह

दगडाला मुजरा करणारा माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? आमच्या पेठेत एक होता. संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले चोपदारमामा. कृष्णेवरच्या पुलाच्या तोंडाशी संस्थानचं राजचिन्ह कोरलेलं होतं: एक ढाल, ती धरून उभे दोन सिंह आणि सगळ्यांच्या डोक्यावर विलायती मुकुट. कोरणाऱ्याने सिंह कधी पाहिला नसावा. दोघांची तोंडं उपाशी बोक्यांची होती. मामा रोज सकाळी ती उपरण्याने पुसत आणि वाकून मुजरा घालत.

पुलापाशी येणाऱ्याने खाली उतरलंच पाहिजे, हा त्यांचा स्वतःचा कायदा. एकदा उसाचा गाडीवान अडून बसला.

"आवं मामा, मी उतरतो. पर बैलांनी काय करायचं?"

"मान खाली घालायची."

"त्यांची जुवाखाली हायच की. तुमची कशाखाली हाय?"

मामांनी सिंहाची मिशी तेवढी पुन्हा पुसली.

नदीवर जाणाऱ्या बाया ढालीला हळदकुंकू लावू लागल्या, की ते काठी घेऊन धावत. "राजचिन्ह हाय ते! म्हसोबा न्हवं!"

बेचाळीस साली आम्ही तरुणांनी ते चिन्ह फोडायचं ठरवलं. डोक्यावरचा मुकुट गुलामीचा, एवढं कारण आम्हाला पुरेसं होतं. मामांना कुणकुण लागली. पहाटे घण घेऊन आम्ही पोचलो, तर ढालीसकट दोन्ही सिंह शेंदराने लालभडक! पुढे नारळ फोडलेला, उदबत्त्या लावलेल्या आणि मामा डोळे मिटून बसलेले. आमच्यातला सर्वांत दांडगा गणपा लोहार. त्याने घण खाली ठेवला आणि हात जोडले.

"अरे, कालपर्यंत दगड होता की रं!" मी ओरडलो.

"काल शेंदूर न्हवता, गड्या."

क्रांती तिथेच माघारी फिरली.

मामांनी चिन्ह वाचवलं आणि त्याच दिवशी घालवलं. नवसाच्या तेला-शेंदराचे थर चढत गेले. ढाल बुजली, सिंहांची तोंडं गेली. एकदा मामा मुकुट मोकळा करायला चाकू घेऊन गेले, तर बाया अंगावर धावल्या. "आवं मामा, देव खरवडता व्हय?" काठी आता बायांच्या हातात होती.

त्याच चळवळीत मी पुढे पकडलो गेलो. तुरुंगातून सुटलो तेव्हा पहिली भाकरी मामांनीच वाढली. "राजद्रोही हाईस तू. जेव आधी." आणि मग हळूच म्हणाले, "फोडलं असतंस तर बरं झालं असतं रं. निदान राजचिन्ह म्हणून मेलं असतं."

मामा गेले. मागोमाग संस्थानही गेलं. पुलावरचे नवस मात्र चालूच आहेत. परवा एका खादीटोपीवाल्या उमेदवाराने प्रचाराचा नारळ तिथेच फोडला.

वाचकहो, त्या पुलावरून जाल तेव्हा जरासा शेंदूर नखाने खरवडा. खाली कोणाचा मुकुट आहे ते नीट पाहा, आणि मगच हात जोडा.