सरांची हुबेहूब नक्कल

‘हसतमुख व्यक्तिमत्त्व’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’... याचीच वाट बघताय ना? नाही मिळणार. आमचे आंद्रू सर हसतमुख नव्हते, खडूस होते. दीड महिन्यापूर्वी मनोरीहून आंटींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. मी नेहमीसारखा सरांच्या आवाजात खेकसलो, “कोण बोलतंय? लवकर बोल!” आंटी म्हणाल्या, “सर गेला रे तुझा.”

मी चिपळूणचा. शाळेच्या गॅदरिंगला मास्तरांच्या नकला करून बक्षिसं मारली, त्याच जोरावर बोरिवलीत आलो. दर रविवारी मार्वेहून बोटीने मनोरीला सरांकडे जॅझ पियानो शिकायला जायचो. त्यात स्टँडर्ड म्हणून जुनी गाणी असतात, सगळ्या वादकांना पाठ. चाल एकदा सरळ वाजवायची, मग आपल्या मनाने फिरवायची. पहिलं मला जमायचं. फिरवायची वेळ आली की रेकॉर्डवर ऐकलेला कुणीतरी वादक मी हुबेहूब उतरवायचो. कुणाचा डावा हात उड्या मारणारा, कुणी आळसावून तालाच्या मागे रेंगाळणारा... एकदम झकास! सर वैतागायचे. “हा झाला तो, तो झाला हा. तू कुठं हायस रे? एकदा तुझं वाजव. मरायच्या आधी ऐकू दे.”

“मग तर मुळीच नाय वाजवणार, सर.”

हसले नाहीत. मलाही हसू येत नव्हतं खरं तर. माझं असं काही येतच नव्हतं... आणि सर गेले.

महिन्याच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, सगळे सरांच्या घरी जमले. आंटी म्हणाल्या, “वाजव त्याच्यासाठी.” सरांचं आवडतं स्टँडर्ड घेतलं. चाल झाली, फिरवायची वेळ आली आणि माझी तंतरली. हात आपोआप सरांचे झाले. तसाच जड डावा हात, मध्येच तसंच लांब थांबणं, मग हळूच एक सूर... लोक डोळे पुसायला लागले. मला वाटलं, आणलं सरांना परत.

पाहुणे गेल्यावर आंटींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“मध्येच का थांबलास?”

“सर थांबायचे ना. त्यांची स्टाइल.”

“स्टाइल? मेल्या, बोटं आखडायची त्याची! सुटेपर्यंत थांबायचा. दोन वर्षं लपवलं, तू दुसरा सर शोधशील म्हणून. दर रविवारी सकाळीच दाढी करून बसायचा, आज पोरगा स्वतःचं वाजवेल म्हणून. आणि आज तू काय वाजवलंस? त्याचं दुखणं!”