विषय क्रमांक एकच्या खोऱ्यात: जव्हार-मोखाड्याचे तीन दिवस

जव्हारला जायचं ठरलं ते एका फोटोसाठी, हे आधीच सांगून टाकते. एरवी मी प्रत्येक सहलीला निसर्गाच्या ओढीचा मुलामा देते, तसा ह्या वेळी देववत नाही.

मी एका महानगरपालिकेत नोकरीला आहे. कुठल्या ते विचारू नका, नोकरी प्यारी आहे. संसदेच्या अधिवेशनाआधी आमचं खातं खासदारांसाठी एक पुस्तिका काढतं: शहराला दिल्लीकडून काय हवंय, कुठला निधी, कुठली परवानगी. मग खासदार मंडळींना एका चांगल्या हॉटेलात चहाला बोलवायचं आणि पुस्तिका हातात द्यायची. ती लिहिते मी. आमच्या साहेबांचं म्हणणं असं की खासदाराच्या लक्षात तीन विषय राहतात आणि त्यातला एकच तो बोलतो. त्यामुळे क्रमांक एक कुणाला द्यायचा ह्यावर आमच्याकडे महिनाभर रणकंदन चालतं. यंदा मेट्रोचा फाटा दोनवर गेला, खाडीकिनारा तीनवर, आणि एकवर आलं पाणी. मोखाड्याच्या बाजूला डोंगरात धरण बांधायचं, त्यासाठी वनजमिनीची केंद्राची परवानगी हवी.

"सुट्टीत तिकडेच जाताय ना?" साहेब म्हणाले. "मग मुखपृष्ठासाठी खोऱ्याचा एक फोटो आणा. हिरवं, मोकळं. माणसं नकोत."

मी मान डोलावली. त्यात काही खटकावं असं मला वाटलंच नाही.

एप्रिलच्या सुरुवातीचा शुक्रवार. मी आणि माझा नवरा संजय, आमची जुनी गाडी आणि पोळीभाजीचा डबा. भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हार. वाड्यापर्यंतचा रस्ता म्हणजे हाडं खिळखिळी करण्याची सरकारी योजना आहे, तेव्हा पहाटे निघा. ट्रकची गर्दी सुरू व्हायच्या आत भिवंडी ओलांडली तर अर्धी लढाई जिंकलीत. विक्रमगडच्या पुढे मात्र घाट लागतो, हवा बदलते आणि माणूस खिडकी खाली करतो. पेट्रोल जव्हारातच भरून घ्या, पुढे भरवसा नाही.

जव्हारात राहायची सोय साधी आहे. हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळाली, पंखा होता, गरम पाणी बादलीतून. संध्याकाळी हनुमान पॉइंटवर गेलो. बाजारात नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि लसणाची चटणी असं जेवलो. संजयनं तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर मला म्हणाला, "तू लिहिताना दोन लिही." तर वाचकहो, दोन.

शनिवारी सकाळी शिरपामाळ. शिवाजी महाराज इथे थांबले होते म्हणून लोक श्रद्धेनं येतात. वारा मस्त, नजर जाईल तिथवर डोंगर. मी भरपूर फोटो काढले, पण प्रत्येकात कुणाची तरी टोपी नाहीतर कुणाचं तरी पोर येत होतं. दाभोशाचा धबधबा ह्या दिवसांत करंगळीएवढाच असतो, त्यासाठी पावसानंतर या. दुपारभर झोपलो. सहल इथवर अगदी आमच्या नेहमीच्या वळणाची चालली होती.

रविवारी मोखाड्याच्या रस्त्याला लागलो. पुस्तिकेतल्या नकाशावरून खोरं साधारण कुठे आहे ते मला ठाऊक होतं. डांबर संपलं, मग खडी संपली, मग नुसती लाल माती. गाडी एका आंब्याखाली लावली आणि चालत उतरलो. मोहाच्या फुलांचा वास सगळीकडे भरून राहिला होता. खाली नदीचं पात्र, त्यात अधूनमधून डबकी, दोन्ही अंगांना कापणी झालेली भाताची खाचरं आणि वरच्या अंगाला आठ-दहा घरांचा पाडा. फोटो हाच, हे मला लगेच कळलं.

चौकटीत एक माणूस येत होता. तिशीचा असेल, खड्डा खणत होता. मी लांबूनच हाक मारली, "दादा, जरा बाजूला होता का? फोटो काढायचाय." तो लगेच पहार घेऊन झाडामागे गेला आणि माझं होईपर्यंत तिथेच उभा राहिला. काढला मी फोटो. हिरवं जेमतेम होतं, पण मोकळं होतं आणि माणूस नव्हता.

त्याचं नाव रघू. भिवंडीला गोदामात आणि वसईला बांधकामावर कामं करून आलेला, त्यामुळे आमच्याशी सराईतपणे बोलत होता. "घर बांधतोय मॅडम. आखातीला खांब उभे करायचे." आखाती म्हणजे अक्षय्य तृतीया. सागाचे खांब बाजूला सोलून ठेवलेले, कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्यांचे भारे रचलेले. त्याची आई सावलीत बसून कारवी निवडत होती. लखीबाय तिचं नाव.

"कठून आलास बाय? उनाचं कशाला फिरतास?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पाणी आणायला उठली.

पाणी पिताना मला तो दगड दिसला. खांबांच्या खड्ड्यांपासून चार हातांवर, गुडघ्याएवढा, चुना लावलेला, त्यावर लाल रंगात अक्षरं आणि आकडे. भोवती करवंदीच्या काट्यांचं गोल कुंपण, आणि कुंपणाच्या आतलं गवत अगदी ओरबाडून काढलेलं. पुढे बघितलं तर तसाच दुसरा, त्याच्या पलीकडे तिसरा. सगळे काट्यांत, सगळ्यांच्या भोवती स्वच्छ.

"आजी, दगडांना काटे कशाला लावलेत?"

"गुरां अंग घासतात न पाडतात," लखीबाय म्हणाली. "मंग सायेब परत आले न दगड नाय दिसला, त रस्ता दुसरीकडं नेतील ना."

रघूनं समजावून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी साहेब लोक दुर्बिणीचं यंत्र घेऊन आले होते, दगड रोवून गेले. पाड्याची रस्त्याची मागणी त्याच्या बापापासूनची. सगळ्यांना वाटलं, आला एकदाचा. मग पाड्यानं दगड वाटून घेतले, प्रत्येक घराला दोन-तीन. गवत पेटलं तर रंग काळा पडेल म्हणून भोवतालची जमीन साफ ठेवायची, पावसात काटे वाहून गेले की नवे आणायचे. "गेल्या पावसात बायकोला झोळीत घालून नेली दवाखान्यात. म्हणून घर वरचं सोडून खाली आणतोय. रस्ता इथनंच जाणार, गाडी दारात येईल. टेन्शन नाय."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. आमच्या पुस्तिकेत विषय क्रमांक एकच्या पानावर ह्याच दगडाचा फोटो घेतलाय. म्हणजे हाच नसेल, पण असाच, अशाच लाल अक्षरांचा. त्याखाली मीच ओळ लिहिली होती: 'सर्वेक्षण पूर्ण.' धरण भरलं की पाणी कुठपर्यंत चढेल त्याची ती खूण. रघूचे खड्डे त्या खुणेच्या खालच्या अंगाला होते.

लखीबायनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, सुका बोंबील, वर कांदा फोडून. लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं ते सांगते: ती वाढत होती आणि मला तिच्या हाताकडे बघवत नव्हतं. संजयला मी सगळं बारीक आवाजात सांगितलं, हात धुवायच्या निमित्तानं बाजूला नेऊन.

"मग सांग की त्यांना," तो म्हणाला.

"पुस्तिका गोपनीय आहे. अजून छापायची आहे."

"त्यांचं घर गोपनीय नाहीये."

माझा हा नवरा वर्षभर गप्प बसतो आणि नको तेव्हा असं एखादं वाक्य टाकतो. गेले परत. बसले लखीबायसमोर. "आजी, हे दगड रस्त्याचे नाहीत. धरणाचे आहेत. धरण झालं तर पाणी ह्या दगडापर्यंत येईल. घर इथे बांधू नका."

रघूनं पहार खाली टाकली नाही की आवाज चढवला नाही. तो नुसता त्या दगडांच्या ओळीकडे बघत राहिला, एकामागून एक, पार वळणापर्यंत. लखीबाय म्हणाली, "मंग आमी पान्याला काटे लावले."

"तुमाला कसं म्हायती?" रघूनं विचारलं.

इथे मला खरं बोलता आलं असतं. ते पान मी लिहिलंय, ते शहर माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "एका ऑफिसात ऐकलं." संजय माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"न पानी कोनला?"

"शहराला. ठाण्याच्या बाजूला."

"थां शहरात पानी नाय?"

"आहे. कमी पडतं."

कमी म्हणजे किती, हे तिनं विचारलं नाही म्हणून मी सुटले. आमच्या सोसायटीत गाड्या पाइपनं धुतात. मीही धुते.

"अजून झालं नाय ना पन?" ती म्हणाली.

"नाही. दिल्लीची परवानगी राहिलीय."

"मंग दिल्लीला आमचं कोन सांगंल? तू शिकलेली आहास. ओळखतास कोनला?"

मी म्हणाले, "बघते."

ज्यांनी सरकारी कचेरीत जोडे झिजवलेत त्यांना ह्या शब्दाची किंमत ठाऊक आहे. लखीबायला नव्हती. रघूनं माझा फोन नंबर घेतला. तिनं फडक्यात उडीद बांधून दिले आणि म्हणाली, "देवासारखी आलास." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. गाडीत बसेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

परतीला खोडाळा-कसाऱ्याचा रस्ता धरला. रस्ता बरा आहे, सूर्यमाळच्या बाजूला हवा फार सुंदर. त्याबद्दल जास्त लिहायला हवं, पण मला त्यातलं काहीच आठवत नाही.

सोमवारी साहेबांकडे गेले. म्हटलं, पाणी दोनवर घेऊ या, मेट्रो एकवर. ते म्हणाले, उन्हाचा त्रास झाला का. मग म्हटलं, निदान एक वाक्य घालू या, खोऱ्यात वस्ती आहे, लोक दगड रस्त्याचे समजून राखतायत. ते दोन मिनिटं ऐकत राहिले, वाईट माणूस नाही तो. "आपण शहराचं मागतोय," ते म्हणाले. "त्यांचं मागायला त्यांचा खासदार आहे. फोटो आणलात?"

फोटो दिला. वाक्य मी तरीही मजकुरात घातलं. छपाईआधी ते उडालं, पानावर जागा नव्हती. मी भांडले नाही. खरं तर ते उडाल्यावर मला थोडं हलकं वाटलं, आणि ह्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

चहापान उत्तम झालं. एका खासदारांनी मुखपृष्ठावर बोट ठेवलं, "सुंदर जागा आहे हो," म्हणाले, आणि पहिला विषय स्वतः मांडायचं कबूल केलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन कौतुक केलं. मी हसून नमस्कार केला.

आखाती झाल्यावर रघूचा फोन आला. रेंजसाठी टेकडीवर चढला होता, धापा टाकत बोलत होता. "मॅडम, घर पार वर घेतलं. सगळा पाडा आला, एका दिवसात नवे खड्डे खणले. पुढल्या रविवारी घरभरणी. तुमी यायचं. पयला नारळ तुमच्या हातनं."

मग लखीबायनं फोन घेतला. "दिल्लीला सांगितलास ना बाय आमचं?"

"हो आजी," मी म्हणाले.

"मंग ये."

घरभरणी परवावर आली आहे. संजय म्हणतो, जायचं, आणि नारळ हातात घ्यायच्या आधी सगळ्यांसमोर सांगायचं की विषय क्रमांक एक मीच लिहिला. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. रस्ते, जेवण, खोली, सगळं वर दिलंय, जव्हार जरूर बघा. लखीबायला जे सांगायचं होतं ते मी तुम्हाला सांगून बसले आहे, कारण तुम्ही माझ्याकडून काही मागितलेलं नाही.