सांत्वनाला रकाना नाही

आमच्या गंगापूर रोडवरील वसाहतीच्या फाटकावर आता रखवालदार माणसे ओळखत नाही. ते काम त्याच्या हातातला फोन करतो. येणाऱ्याचा फोटो काढायचा, तो कोणत्या प्रकारात बसतो ते निवडायचे आणि घरमालकाच्या फोनवर पाठवायचे. घरमालकाने हिरवे बटण दाबले, की फाटकावरचा एक गोड आवाज म्हणतो, ‘आपले स्वागत आहे.’ प्रकार मोजके आहेत: पाहुणा, टॅक्सी, घरकाम, डिलिव्हरी. मी आयुष्यभर शाळेत शिकवले. कोणतेही वर्गीकरण करताना शेवटी ‘इतर’ असा एक रकाना ठेवावा, हे मी मुलांना आवर्जून सांगत असे. ही व्यवस्था ज्याने बनवली, तो त्या तासाला गैरहजर असावा.

माझी आई गेली, तेव्हा ही उणीव माझ्या ध्यानात आली.

ज्या घरी मृत्यू झाला आहे तेथे भेटायला जाण्याला आमच्याकडे ‘दारावर जाणे’ म्हणतात. त्याचे नियम थोडे, पण पक्के आहेत. जाणाऱ्याने आधी विचारायचे नाही. घरच्यांनी ‘या’ म्हणायचे नाही, सामोरेही जायचे नाही. दार उघडे असते. माणूस आत येतो, बसतो आणि न सांगता उठून जातो. आमंत्रण आणि निरोप या गोष्टी सुखाच्या प्रसंगांसाठी राखून ठेवाव्यात, एवढाच त्यामागचा अर्थ. प्रत्यक्षात मात्र माझा फोन सारखा वाजत होता: ‘आपल्याकडे पाहुणे आले आहेत!’ उद्गारचिन्हासह. मी सुतकात सतरंजीवर बसून हिरवे बटण दाबत होतो. आलेली मंडळी बहुतेक शहरातली. त्यांना यात वावगे वाटले नाही. एका जुन्या सहकाऱ्याने तर टेकता टेकता सांगितले, “तुमचं फाटक बरं आहे. आमच्याकडे ओटीपी लागतो.”

तिसऱ्या दिवशी नामपूरहून मामा आले. आईचे हे एकुलते भाऊ, वयाने ऐंशीच्या पुढचे. अंत्यविधीला त्यांना पोहोचता आले नव्हते. बहिणीचे तोंड पाहता आले नाही, निदान तिच्या दिव्यापाशी बसावे, एवढ्यासाठी ते एसटीने निघाले होते. खालून रखवालदाराचा फोन आला.

“सर, एक बाबा आलेत. तुमचे मामा म्हणतात. पण फोटो काढू देत नाहीत. परत चाललो म्हणतात.”

मामा बोलले ते करणारे आहेत. मी चपला न घालता खाली उतरलो.

ते फाटकाबाहेर उभे होते. डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. रखवालदार त्यांची समजूत घालत होता.

“बाबा, पाहुणे म्हणून टाकतो. सर बटण दाबतील, लगेच आत.”

“पाहुना? बहीण मरनी मनी, अन् मी पाहुना?” रागावले, की मामांच्या तोंडी बागलाणातली बोली येते. “मरणाच्या दारी इचारीसन कोन जास रे?”

“नियम आहे, बाबा. मागं एकाला असंच सोडलं, तर लय बोलणी खाल्ली.”

“मामा, चला. मी आहे ना,” मी म्हणालो.

ते माझ्यावरच उलटले. “तू कशाला खाली आलास? सुतकातला माणूस घ्यायला येतो का कधी? शिकलेला ना तू?” मग यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले, “आन् ते डबडं स्वागत म्हणतं. आत्ताच ऐकलं मी. बहिणीच्या मरणाला माझं स्वागत!”

एवढे बोलून ते खरेच रिक्षाच्या दिशेने वळले. तेवढ्यात खाण्याची पाकिटे घेऊन एक दुचाकीवाला आला आणि न थांबता आत गेला. मामा थबकले.

“त्याला का नाही इचारलं?”

“ती डिलिव्हरी आहे, बाबा. खायचं आणणाऱ्यांना कमिटीनं कायमची मोकळीक दिलीय. फोटो नाही, बटण नाही.”

“आन् स्वागत?”

“ते पण नाही.”

मामांनी क्षणभर विचार केला आणि पिशवीचे तोंड रखवालदारापुढे उघडून धरले. “मंग हाई काय शे?”

आत फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी होत्या आणि पिठल्याचा डबा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नातलग ही कडू भाकर घेऊन येतात. मामींनी ती पहाटे भाजून दिली होती. रखवालदाराने डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“सर, टाकू का डिलिव्हरी?”

“टाक,” मामाच म्हणाले. “बहिणीच्या घरी भाकर पोचवायला आलोय. यात खोटं काय?” मग मला दटावले, “तू हो पुढं. बस जाऊन जाग्यावर. तू खाली आला नव्हतास, समजलं?”

मी वर जाऊन सतरंजीवर बसलो. काही वेळाने मामा उघड्या दारातून आत आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. ते थेट दिव्यापाशी बसले. वात आत गेली होती. ती त्यांनी काडीने हलकेच पुढे सारली आणि मग पदरात तोंड लपवणाऱ्या बाईसारखे उपरण्यात तोंड लपवून मोठ्याने रडले.

रडे ओसरल्यावर त्यांनी पिशवी जवळ ओढली, भाकरीचा तुकडा मोडून पिठल्याला लावला आणि माझ्यापुढे धरला.

“खाय. गार झाली, पण खाय.”