दाखला कुणाच्या हातात

कागदावर उजवा पंजा सपाट ठेवायचा, चष्म्याच्या वरून समोरच्याकडे बघायचं आणि विचारायचं, "पोरगी कुठाय?" आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलेल्या प्रत्येक बापाचं स्वागत असंच व्हायचं. मुलगा असला तर "पोरगं कुठाय?" बाप म्हणायचा, "बागंत हाय, मीच न्हेतो." बाई म्हणायच्या, "येऊ द्या की बागंतनं. मी पाचपतुर हाय." आणि पंजा तसाच ठेवून दुसऱ्या हातानं पुढचं काम सुरू करायच्या.

सगळं तासगाव त्यांना दाखल्याच्या बाई म्हणायचं. नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. नवरा आमच्याच संस्थेत शिपाई होता. तो अकाली गेला, त्याच्या जागी बाई लागल्या आणि पुढं लिपिक झाल्या. उंचीनं बेताच्या, आवाजानं भरपूर. पर्सचा पट्टा तुटला की त्या तो स्टेपलरनं जोडायच्या. साडीचा फॉल सुटला तर टेबलाखाली वाकून तिथंही दोन पिना मारायच्या. कुणी म्हणालं, "आवं बाई, दोन टाकं घाला की," तर म्हणायच्या, "टाकं घालणारी दुसरी बघा." आम्ही शिक्षक हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात बारावी झालेलं मूल असेल त्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. मूळ दाखला एकच निघतो. तो ज्या कॉलेजात जमा केला, तिथलं ते मूल झालं. दुसरीकडं जायचं तर आधी तो कागद परत मिळवावा लागतो, आणि दिलेला कागद परत देताना कॉलेजांचे हात कसे जड होतात ते ज्यानं पाहिलंय त्यालाच ठाऊक. म्हणून बाईंचा नियम होता की दाखला मुलाच्याच हातात द्यायचा आणि रजिस्टरात सहीही त्याचीच घ्यायची. बऱ्याच पोरांची ती आयुष्यातली पहिली सही असायची. कुणी दोनदा गिरवायचं, कुणी आडनावापर्यंत येता येता रकान्याबाहेर जायचं.

सही झाली की बाई विचारायच्या, "कुठं चाललास?" एकदा एका पोरानं उत्तरासाठी बापाकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, "तिकडं काय लिवलंय? माझ्याकडं बघून सांग." पोरगं चाचरत म्हणालं, "ठरलं न्हाई अजून." बापानं कपाळाला हात लावला. बाई शांतपणे म्हणाल्या, "ठरलं नसलं तर तसं सांगाया येतं की. मग ठरंस्तवर दाखला हितंच ऱ्हाऊ दे. ह्यो काय दूध न्हाई नासाया."

आता मी चिडून लिहिणार आहे, त्याबद्दल माफी मागणार नाही. सतरा वर्षांच्या मुलाला आपल्याकडे जो तो अडवून विचारतो, "काय ठरलं मग?" किराणा दुकानदार विचारतो, कंडक्टर विचारतो, लग्नात पंगतीला शेजारी बसलेला अनोळखी माणूस विचारतो. हीच माणसं एक चप्पल घ्यायला सांगलीत चार दुकानं हिंडतात, घालून बघतात, चालून बघतात आणि शेवटी "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणून घरी येतात. चपलेला आठवडा आणि जन्माला अर्जातली एक ओळ! आणि ती ओळ पोराला भरता आली नाही की त्याच्यात काहीतरी खोट आहे असं सगळे धरून चालतात. मी स्वतः वीस वर्षं भूगोल शिकवत आलो आणि वीस वर्षं पोरांना हाच प्रश्न विचारत आलो.

मग माझ्या घरात सायली बारावी झाली.

सायलीला काय शिकायचं होतं, हे तिला माहीत नव्हतं. तिला पुष्कळ काही आवडायचं, अडचण तीच होती. परीक्षा संपल्यावर महिनाभर ती मामाच्या बेदाण्याच्या शेडवर जात होती. जाळीच्या कुठल्या थरावरची द्राक्षं आधी सुकतात, वारा कुठून आला की रंग बदलतो, हे वहीत लिहायची. त्याच वहीत शेडवरच्या बायकांची गाणी होती आणि व्यापारी भाव पाडताना कसे बोलतात तेही होतं. याला कुठला विषय म्हणतात, ते मला आजही सांगता येणार नाही.

तिच्यापुढं दोन विद्यापीठं होती. एक सांगलीकडचं, घरून एसटीनं जाऊन येऊन करता येण्यासारखं. तिथं जागा नक्की होती, पण अर्जाच्या तिसऱ्याच ओळीत विषय लिहायचा आणि तीन वर्षं तोच. दुसरं पुण्याकडचं. तिथं पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, गणितही शिका, इतिहासही शिका, आणि विषय दुसऱ्या वर्षी सांगा. त्याची यादी उशिरा लागणार होती आणि तिच्यात सायलीचं नाव येईल की नाही याची खात्री नव्हती. सायली म्हणाली, "पप्पा, यादी लागेपर्यंत थांबू या."

थांबू या! आमच्या घरात जणू कुणी दिवा विझवला. माझा मेहुणा, म्हणजे तो शेडवाला मामा, सोफ्यावर बसून म्हणाला, "पोरीची जात, त्यात इषय ठरल्याला न्हाई. मग पुण्याला जाऊन काय पुणं बघणार व्हय?" याचा स्वतःचा मुलगा दोन वर्षांपूर्वी काहीही न ठरवता पुण्याला गेला होता. तेव्हा हाच म्हणाला होता, "बघंल तिकडं जाऊन, पोरगं हाय." मी त्याला हे तोंडावर सुनवायला हवं होतं. मी त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडं गेलो आणि सायलीचा दाखला मागितला. पंजा आला कागदावर. "सायली कुठाय?"

"बाई, मी इथला शिक्षक आहे."

"म्हणूनच सांगतीय, सर. तिला पाठवा."

मला राग आला. पोरांसमोर एका लिपिक बाईनं मला परत पाठवलं, याचा राग आला. खरं कारण ते होतं, सायलीची काळजी वगैरे मी नंतर लावून घेतलं. बाई दुपारी डबा खायला मागच्या खोलीत गेल्या, तेव्हा मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. खण उघडा होता, कारण आमच्यातलं कुणी चोरी करेल असं त्यांना वाटत नव्हतं. मी दाखला काढला, रजिस्टरात सायलीच्या नावापुढं माझी सही ठोकली आणि त्याच संध्याकाळी सांगलीकडच्या विद्यापीठात तो जमा केला. विषयाच्या ओळीत रसायनशास्त्र लिहिलं. का, तर खिडकीतल्या माणसानं पेन वर धरून "विषय?" असं विचारलं आणि तेवढंच तोंडात आलं. घरी येऊन म्हणालो, "नुसती जागा धरून ठेवलीय."

सायली वही उचलून आत गेली. बाईंनी दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं, माझी सही पाहिली आणि ते मिटलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी पुण्याची यादी लागली. सायलीचं नाव होतं. मूळ दाखला घेऊन तीन दिवसांत हजर व्हायचं होतं.

पहिल्या दिवशी मी एकटा सांगलीला गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, साहेब नाहीत, अर्ज ठेवून जा. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण अर्जाचा नमुना चुकीचा होता. मूळ कागद असे अडवून ठेवता येत नाहीत, तसा नियम आहे, तो मला पाठ होता. मी तो नम्रपणे म्हणून दाखवला. त्यांनी तो नम्रपणे ऐकून घेतला आणि मला उद्या बोलावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सायलीला गाडीत बसवत होतो, तर बाई गेटपाशी उभ्या. हातात डबा आणि पट्टा स्टेपल केलेली ती पर्स. "मी येतीय," एवढंच म्हणाल्या आणि मागच्या सीटवर सायलीशेजारी बसल्या. त्यांना कुणी सांगितलं होतं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

सांगलीच्या त्या कार्यालयात त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. सायलीला खिडकीपुढं उभं केलं आणि स्वतः तिच्या मागं उभ्या राहिल्या. सायली म्हणाली, "माझा दाखला मला परत हवाय." खिडकीतून आवाज आला, "पालक कुठं आहेत?" बाई म्हणाल्या, "दाखल्यावर नाव कुणाचं हाय? वाचा की मोठ्यानं." साहेब मीटिंगला गेले होते. बाईंनी खिडकीच्या फळीवर डबा उघडला आणि जेवायला सुरुवात केली. मागं रांग तुंबली. लोक आधी बाईंवर चिडले, प्रकार कळल्यावर खिडकीवर चिडले. दीड वाजता दाखला बाहेर आला. बाईंनी तो सायलीच्या हातात दिला आणि तिथंच तिच्याकडून कोऱ्या कागदावर पोच लिहून घेतली.

पुण्याची वेळ पाचपर्यंत होती. मी गाडी कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. कराड गेलं, सातारा गेलं, खंबाटकीच्या घाटात पुढं उसाचे दोन ट्रेलर... नाही, उसाचा हंगाम नव्हता, कसलेतरी होते. मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. शिरवळला कारखान्यांच्या पाट्या सुरू झाल्या आणि पाच वाजले. सायली म्हणाली, "पप्पा, वळवा गाडी."

"न्हाई," बाई मागून म्हणाल्या. "दारापतुर जायाचं. दार बंद हाय का, ते तिनं सवता बघायचं."

दार बंद होतं. सायलीनं पहारेकऱ्याला स्वतः विचारलं, त्यानं आत फोन केला, आणि आतून सांगण्यात आलं की जागा पुढच्या नावाला गेली. दुपारी सोडवून आणलेला तो दाखला, ती धावपळ, काही उपयोगाचं नव्हतं. दोन दिवस! ते दोन दिवस मी साहेबांच्या सहीची नम्रपणे वाट बघण्यात घालवला होता. आणि मुळात यादीसाठी आठ दिवस थांबलो नाही, तोही मीच.

परतताना साताऱ्याला चहाला थांबलो. सायली गाडीतच बसली. टपरीशी उभ्या राहून बाई म्हणाल्या, "सर, पोरीला ठरवता येत नव्हतं असं न्हाई. तिला आधी बघायचं हुतं."

मी टपरीवाल्याला पैसे दिले. त्याच पुढं म्हणाल्या, "माझा दाखला माझ्या थोरल्या भावानं न्हेला हुता. लय चांगला माणूस. माझ्या भल्यासाठीच न्हेला. शिवणकामाच्या कोर्सला दिऊन आला. दोन वर्सं केला म्या." चहा संपवून त्यांनी ग्लास फळीवर ठेवला. "अजून सुई हातात धरवत न्हाई."

मला त्या स्टेपलरच्या पिना आठवल्या आणि त्यावरचं माझं हसणं आठवलं. इतका संताप मला स्वतःचा पूर्वी कधी आला नव्हता, आणि तो गेलेला नाही.

सायली सांगलीला रसायनशास्त्र शिकली. आता शिरवळच्या एका कारखान्यात तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. "बरं चाललंय," म्हणते. तिनं मला कधीही एका शब्दानं बोल लावला नाही. बेदाण्याची ती वही तिनं नेली नाही, ती माझ्या कपाटात आहे.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला, शाल, श्रीफळ, भाषणं. आणि मग आमच्या कार्यक्रम समितीनं मोठ्या कौतुकानं स्टेजवर काय आणावं? शिलाई मशीन! बाईमाणूस आहे, घरी बसून करायला काहीतरी हवं, असा विचार. एकानंही बाईंना विचारलं नव्हतं. मी पहिल्या रांगेतून उठलो. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, हातानंच 'बसा' केलं, आणि माईकवर म्हणाल्या, "लय मोठं मन केलंसा." मशीन त्यांनी नेलं नाही. टेम्पो मिळाला की नेते म्हणाल्या आणि बहिणीकडं कराडला राहायला निघून गेल्या.

ते मशीन अजून कार्यालयात आहे. नवीन लिपिक त्यावर दाखल्यांचा गठ्ठा ठेवतो आणि जो मागेल त्याला देतो, त्याला लवकर मोकळं व्हायचं असतं. परवा मी तिथं उभा होतो. एका गृहस्थांनी मुलीचं नाव सांगितलं, लिपिकानं दाखला काढून मशीनवर ठेवला, आणि त्यांनी तो घ्यायला हात पुढं केला. मुलगी दारात ओढणीचं टोक धरून उभी होती. माझा पंजा कागदावर कधी गेला, मला कळलं नाही.

गृहस्थ चकित झाले. "आवं सर, बाप हाय मी तिचा."

"मीही बापच होतो," मी म्हणालो आणि मुलीला आत बोलावलं.