यासीनभाईंनी अंगावर घेतलेले चार दिवस

यासीनभाई मुकादम यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने लेख मागितला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. बिघडलेल्या डिस्कमधून लोकांची चित्रं आणि आवाज परत काढायचं काम मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकले. लिहायला कितीतरी होतं. संदर्भासाठी समितीने त्यांच्या कामाच्या जुन्या वह्याही आणून दिल्या. त्यातल्या एका पानाने मला असा धक्का दिला की तयार झालेला लेख मी फाडून टाकला. हा दुसरा आहे.

आमची पहिली ओळख माझ्या रडण्यातून झाली. मी तेव्हा नवीन पनवेलमध्ये व्हिडिओ एडिटिंग करत असे. सगळं चित्रीकरण चार डिस्क एकत्र जोडलेल्या एका 'रेड' (RAID) बॉक्समध्ये ठेवलेलं असायचं. त्यातली एक डिस्क बंद पडली तरी उरलेल्या तीन काम निभावतात. दुसरीही गेली की सगळंच जातं. एका दुपारी संगणकावर तो बॉक्स दिसेनासाच झाला. 

त्यात गव्हाणच्या एका वृद्ध धवलारीणबाईंची गाणी होती. आगरी लग्नात एकेका विधीला धवळे गाणाऱ्या त्या धवलारीण. चित्रीकरणानंतर दहाच दिवसांत बाई वारल्या होत्या. कॅमेऱ्याचं कार्ड मी पुसून पुढच्या लग्नाला वापरलं होतं. बाईंच्या नातीची हळद दोन आठवड्यांवर आलेली, आणि आजीच्या जागी आता तिच्या आईने, कांताताईंनी, गायचं ठरलं होतं. त्यांना धवळे अर्धेच येत होते. आदल्याच दिवशी त्यांचा फोन आला होता, "तुमच्याकडं हाय ना सगला? मी आयकून आयकून पाठ करीन." मी छातीठोकपणे हो म्हटलं होतं.

कुणीतरी यासीनभाईंचं नाव सांगितलं. आखातात एका टीव्ही केंद्राच्या मशीनरूममध्ये वीस वर्षं काढून ते गावी परतले होते आणि जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यात त्यांनी छोटंसं दुकान थाटलं होतं. त्यांनी बॉक्सकडे नंतर पाहिलं, आधी मला पाणी दिलं. "बसा ताई. आता याला लाइट देऊ नका, बस. बाकीचं आपण बघू." मग प्रत्येक डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून नंबर घातला आणि तेव्हाच ती जागची हलवली. एकेक तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दोन डिस्क गेल्यात. दोन्ही एकदम गेल्या का? आधी बझर वाजला होता का?"

बझर वाजला होता. एक डिस्क गेली की बॉक्स तसा इशारा देतो. चांगले वीस दिवस आधी. मी एका नवरीच्या पाठवणीचा आवाज साफ करत बसले होते आणि ती पीं पीं डोक्यात जात होती. मी बटन दाबून ती बंद केली, नवी डिस्क उद्या आणू म्हटलं, आणि तो उद्या काही उजाडला नाही. गव्हाणचं चित्रीकरण त्यानंतरचं. पंधरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईने असा गाढवपणा केला हे सांगायची मला लाज वाटली.

"नाही, एकदमच गेल्या," मी म्हटलं. त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा तेच सांगितलं.

या खोट्याची किंमत मला तेव्हा कळली नाही. दोन नंबरची डिस्क वीस दिवस आधीच बाहेर पडलेली, म्हणजे तिला गव्हाणची काहीच खबर नव्हती. चार नंबरची शेवटपर्यंत चालली होती, पण ती मरणपंथाला लागलेली. चालू दोन डिस्कना जोड म्हणून या दोघींपैकी एक जिवंत केली की पुरे होतं. माझ्या शब्दावर विसंबून यासीनभाईंनी त्यातल्या त्यात धडधाकट दिसणारी दोन नंबरची घेतली आणि चार दिवस तिच्यावर खपले. जुनी लग्नं स्वच्छ उघडली. गव्हाणची फाइल उघडली तर बाईंचं कपाळ तेवढं दिसत होतं, खाली नुसते रंगीत चौकोन, आणि आवाजाचे तुकडे तुकडे. त्यांनी दोन नंबरची काढून बाजूला ठेवली. मग एवढंच म्हणाले, "दोन नंबर सोडतो. चार नंबर हळूहळू वाचावी लागेल." मला वाटलं, काय या माणसाचा अंदाज!

चार नंबरची थेंबाथेंबाने वाचली जात होती. हळदीच्या आदल्या सकाळी कांताताई दुकानात आल्या. हळदीचा धवळा अजून निघायचा होता. यासीनभाई उठून उभे राहिले. "ताई, उशीर माझ्याकडून झाला. चार दिवस मी चुकीच्या डिस्कवर घालवले."

कांताताईंचा तोल सुटला. "तुमच्या चुकीपाई माझ्या पोरीच्या हलदीला माझ्या आयचा गाना नाय! एवरे दिवस काय केलात तुमी?"

यासीनभाईंनी मान खाली घातली. ज्यांच्याकडे मुंबईहून लोक काम घेऊन यायचे, ते गृहस्थ माझ्यादेखत बोलणी खात होते.  आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

हळद झाली, लग्न झालं. तिसऱ्या दिवशी गाणं निघालं. यासीनभाईंनी पडदा कांताताईंकडे वळवला आणि स्वतः फळीकडे तोंड करून उभे राहिले. गिऱ्हाइकाचं खाजगी गरजेपेक्षा जास्त पाहायचं नाही, हा त्यांचा नेम आजही आहे. कांताताई आईचं गाणं पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. आता तो धवळा त्यांना पूर्ण येतो. स्वतःच्या मुलीला मात्र तो मिळाला नाही.

महिनाभराने मीच शिकायला आले. यासीनभाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं, "गिऱ्हाईक खोटं बोललं तर ते घाबरून बोलतं. त्याला चोर समजू नका, मशीनला विचारा." मी वहीत लिहून घेतलं. प्रत्येक बॉक्स आत स्वतःची नोंद ठेवतो, डिस्क कधी गेली, बझर कधी वाजला, बटन कधी दाबलं गेलं. सहा वर्षं मी लोकांच्या बॉक्समधल्या या नोंदी वाचते आहे. माझ्याही बॉक्समध्ये तशी नोंद असणार, हे मला कधी सुचलंच नाही.

परवा समितीने दिलेली वही उघडली. गव्हाणच्या कामाचं पान. तारीख कांताताई दुकानात येऊन गेल्या त्याच्या बऱ्याच आधीची, दोन नंबर बाजूला ठेवली त्या दिवसाची. यासीनभाईंचं टपोरं अक्षर:

"२ नंबर वीस दिवस आधी बंद. बझर हाताने बंद केलेला. ताईंना विचारू नये, आधीच घाबरल्यात."

म्हणजे मान खाली घातली तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मला शिकवायला घेतलं तेव्हाही. मी ते पान पुन्हा वाचलं आणि तयार लेख फाडला. अजूनही सावरलेले नाही.

कांताताई, हा ग्रंथ तुमच्याही हाती पडेल. गव्हाणात आजही लोक म्हणतात, पनवेलच्या त्या चाचांनी उशीर केला. तो उशीर माझा होता. त्या सकाळी तुमच्या शिव्यांची धनी मी होते आणि त्या त्यांनी खाल्ल्या.

यासीनभाई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हात असेच स्थिर राहोत, आणि तुमच्या वह्यांना अजून पुष्कळ पानं लागोत. त्या दुपारी तुम्ही मला तीनदा विचारलं होतंत. चौथ्यांदा तुम्ही विचारणार नाही, म्हणून न विचारता सांगते. हो, बझर वाजला होता. मीच बंद केला.